आकाशाच्या नकाशावर कुंकू

भिवंडी, शुक्रवार, दिवेलागण

आले: टपालाने लेकीचा छापील प्रबंध. गेले: पेढे पाव किलो, एकशे चाळीस रुपये. आज हात आखडला नाही. सुमीला पीएच.डी. मिळाली!

प्रबंध देवापुढे ठेवून कुंकू वाहिले, तर बोट नेमके आकाशाच्या एक्स-रे नकाशावर टेकले. त्यातला एकेक ठिपका म्हणजे दीर्घिकांचा अख्खा समूह. कोणत्या काळी असे किती समूह जमले, हे मोजून सुमी सांगते, न दिसणारी ऊर्जा विश्वाला किती जोराने फाकवते.

जाऊबाई म्हणाल्या, "ठिपकं मोजायला एवढी वर्षं? तेवढ्यात लगीन उरकलं असतं."

"मग मोजा की, ताई!"

मोजायला बसल्या आणि पहिलं बोट ठेवलं माझ्या कुंकवावरच! देवा, किती हसले मी.

उद्या कार्ड टाकते: सुमे, तुझ्या आकाशात माझा एक ठिपका वाढलाय. चालेल ना? उलट टपाली कळव.