शेवटची पंगत

रवि., ५ ऑक्टो.
महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये, आमच्या मंडळीत, प्रभुभोजन: प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. सगळे वेदीपाशी गुडघे टेकतात, तेव्हा मी मागं काचेचे छोटे प्याले पुसत राहतो. स्वतः घेत नाही. आज आठवा महिना. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. उलट पाळकसाहेब सर्वांसमोर म्हणाले, "याच्यासारखा नम्र सेवक नाही." कान तापले.

नम्र! फेब्रुवारीत, मी काम करतो त्या कापडदुकानाच्या शेठनी विचारलं, आई काय करते? तोंडातून निघालं, नर्स आहे. आई दवाखान्यात फरशी पुसते. त्याच पगारावर मी नववीपर्यंत शिकलो.
लायकी नसताना ती भाकर घेणाऱ्याला दोष लागतो. हे मी बायबलात तीनदा वाचून खात्री केली आहे.

मंगळ., ७ ऑक्टो.
दुकान उघडण्याआधी पाळकसाहेबांबरोबर पडेगावला. सालोमीआजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून प्रभुभोजन तिच्या घरी. भाकर-प्याल्यांची पेटी माझ्याकडे. प्याले दोनच घेतले, पाळकसाहेबांचा आणि तिचा.

आजीनं भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि थांबली.
"ह्याची कुठंय?"
"आजी, मी फक्त वाढणारा."
"वाढणारा जेवत नाय व्हय? शेवटच्या पंगतीला बसतो, पण बसतो ना?"
"माझी लायकी नाही, आजी."
हसली. तोंडात एकही दात नाही. "अन् माझी हाय? सकाळीच सुनेला शिव्या घातल्यात म्या. धर!"

नखाएवढा तुकडा, त्याचेही तिनं दोन केले. गोधडीवर पडलेला कण बोटानं टिपून खाल्ला. पाळकसाहेबांनी काही न विचारता स्वतःचा प्याला माझ्यापुढं केला.

घेतलं.

काही झालं नाही. आजी आतल्या सुनेला म्हणाली, "चहा टाक गं, पोरगं रडायलंय." मला उठवेना. आठ महिने ज्या प्रभूला घाबरून मागं थांबलो, तो तेवढे दिवस ताट वाढून माझ्यासाठी खोळंबला होता, असं काहीतरी… नीट लिहिता येत नाही.

बुध., ८ ऑक्टो.
कालपासून सगळं धुतल्यासारखं दिसतंय. शहागंजातले हातगाडीवाले, त्यांचं ओरडणं. ही सगळी माणसं त्याला हवी आहेत. मीपण, आहे असा.

आईला सगळं सांगितलं. भाकरी थापत होती, थांबली नाही.
"नर्स?"
"हो."
"कोणत्या वॉर्डाची?"
"ते नाही सांगितलं."
भाकरी उलटली. "शेठला खरं सांगितलंस?"
"अजून नाय."
"बरं. उद्या ड्यूटी सुटली की दुकानात येते. परकराचं कापड घ्यायचंय दिवाळीला."
"घरी येऊन साडी बदलून येशील?" विचारलं आणि जीभ चावली.
माझ्याकडे बघितलं तिनं. रागानं नाही. ते जास्त लागलं.
"नाय. तशीच येते."

गुरु., ९ ऑक्टो.
दु. ३.५०. दुकानात, बिलाच्या मागं लिहितोय. सकाळपासून चारदा शेठजवळ गेलो, चारदा परत आलो. तरी मंगळवारचं ते खोटं नव्हतं. पडेगावच्या त्या खोलीत जो होता तो इथंही आहे, या ताग्यांच्या मधे. अंगावर काटा येतोय.

आई दारात. दवाखान्याची निळी साडी, गळ्यात बिल्ला. पायरीवर चपला काढतेय.
शेठ गल्ल्यावरून म्हणतायत, "अरे, बघ रे, त्या बाईला काय पाहिजे."