साक्रीची नवी गाडी

प्रिय अमृत,

डेपोत सगळे तुम्हाला अमृतभाऊ म्हणायचे. बारा वर्षं मी तुमच्या गाडीवर कंडक्टर होते, पण माझ्या तोंडून 'भाऊ' कधी निघालं नाही. नुसतं नाव मात्र आज पहिल्यांदाच लिहितेय.

धुळे–साक्री फेरीला इलेक्ट्रिक बस लागली, आणि पहिल्याच आठवड्यात माझी ड्यूटी निघाली. चालवायला हिलाल होता. कॅन्टीनमध्ये तुम्ही टेबलावर हात आपटून सांगायचा, "आपल्या हयातीत डिझेल हलत नाही!" त्याची त्याने आठवण काढली. त्याचं म्हणणं, रिक्षा-टेम्पो चार-पाच वर्षांत बॅटरीवर जातील, एसटीला दहा लागतील, पण दिल्लीला जाणारे केळीचे ट्रक आपली नातवंडंही डिझेलवरच बघतील. तुम्ही असता तर थेट साक्रीपर्यंत वाद घातला असता. मी नुसती तिकिटं फाडत राहिले.

नेरला सुंदरबाई नावाची एक म्हातारी चढली. गाडी सुटली तरी ती दांडा धरून उभीच. म्हणाली, "बाई, गाडी चालू शे का बंद?" सगळी गाडी हसली, मीही हसले. मग जरा वेळाने डोळे भरून आले, ते खिडकीकडे तोंड करून पुसले. तुमच्या गाडीत इंजिनाच्या धगीने पाय भाजायचे, तरी तिकिटं झाली की मी पुढेच येऊन बसायची. मागे सीटा रिकाम्या असायच्या. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत. एक दिवस इंजिनाच्या बॉनेटवर माझ्या पायांखाली गोणपाट दुमडून टाकलंत, तेवढंच.

परवा स्टँडवर तुमची बहीण लिलाबाई भेटली. रिटायर झाल्यापासून तुम्ही असोद्याला एकटेच राहता, भाकरी स्वतः थापता, आणि भाच्याच्या बॅटरीच्या रिक्षात बसून जळगावचा बाजार करता, असं तिने सांगितलं. म्हणजे कॅन्टीनमधला शब्द मोडलाच की तुम्ही! माझ्याकडची बातमी एवढीच, की आषाढात आबा गेले. सोळा वर्षं अंथरुणावर होते. शेवटी पोटच्या लेकीचं, माझं नावही त्यांना आठवत नव्हतं.

अमृत, कुसुंब्याच्या पुढे चढावर तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता एकदा विचारलं होतं, "दिपमाला, माझ्या घरी येशील का, कायमची?" मी कानाशी हात नेला, इंजिनाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तुम्हाला वाटलं, आवाजात ऐकू गेलं नाही. पुन्हा तुम्ही विचारलं नाहीत. मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. घरी आबा होते, आणि त्यांना सोडून येते असं म्हणायची हिंमत नव्हती, तशीच नाही म्हणायचीही नव्हती. येत्या मंगळवारी मला सुट्टी आहे. दुपारपर्यंत असोद्याला पोचेन. तुम्हाला पुन्हा विचारायचं नसेल तर चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीने परत येईन.

तुमचीच,
दिपमाला