लॅटिनचा ‘ने’

८ जानेवारी
कोसाडच्या नव्या घरात आलो. दोन खोल्या, गॅलरीत भरपूर ऊन, शेजारच्या कलाबाई आपल्या शिरपूरकडच्या. सामान उतरायच्या आधी चहा आला. आतल्या खोलीत जुन्या बिऱ्हाडाचा लोखंडी पलंग तसाच आहे. गायत्री सुट्टीत आली की तिला होईल.

मी सातवी नापास, पण कान तिखट. कापडाच्या लूमवर काम करता करता गुजराती, उडिया नुसती ऐकून उचलली. जळगावला डॉक्टरकी शिकणारी आमची एकुलती एक गायत्री म्हणते, आप्पा, लॅटिन काही कानाने यायची नाही. बघूच. जुन्या बाजारातून व्याकरणाचं पुस्तक आणलंय.

१० जानेवारी
भीतीची वाक्यं. सगळा उलटा कारभार. ‘तिमेओ ने वेनिआत’ म्हणजे तो येईल अशी भीती वाटते. ‘ने’च्या जागी ‘उत’ घातलं की येणार नाही अशी भीती. मी ‘ने’ला आपला ‘न’ समजलो. गायत्री फोनवर पोट धरून हसली. आणि ‘उत’ माझ्या तोंडून ‘ऊठ’च निघतं. दुपारी वीसदा मोठ्याने घोकलं.

आतला पलंग करकरला. उंदीर असेल.

११ जानेवारी
‘ऊठ’ म्हटलं की करकर. थांबलो की शांत. पुन्हा म्हटलं — आत फरशीवर कुणाचे तरी पाय टेकले. शंभर लूमच्या खडखडाटात तुटलेला धागा ऐकणारा कान आहे हा. आत गेलो. कोणी नाही. गादीत खड्डा.

कलाबाई म्हणाल्या, जुन्या बिऱ्हाडातली म्हातारी सखुबाई त्या पलंगावरच गेली. चार वर्षं पडून. सून दारातून ओरडायची, ऊठ. बिचारीला उठवेना, पण कुणाचा शब्द मोडायची नाही.

१२ जानेवारी
‘उत’ बंद. फक्त ‘ने’. तरी पावलं फिरतात. माझ्या पाठीशी येऊन थांबतात, कशाची तरी वाट बघत.

गायत्री उद्या येतेय. येऊ नको म्हटलं. म्हणाली, लॅटिनमध्ये सांगा, मग ऐकते. सांगितलं — तिमेओ ने गायत्री वेनिआत.

पावलं जिना उतरून गेली.

१३ जानेवारी, दुपार
म्हातारीला कुठलं लॅटिन. तिने आपलं मराठी ऐकलं — ने. गायत्री.

ओरडून सांगितलं, परत ये. ऐकायला घरात कोणी नाही.

गायत्रीचा फोन. इथल्या उधना स्टेशनवर उतरलीय. एका आजीने हात धरलाय, सोडत नाही. आपली अहिराणी बोलते. आप्पांनी पाठवलं म्हणते.

फोन तिच्या कानाला लाव म्हटलं. लावलाय. श्वास ऐकू येतोय. पहिला शब्द ऐकला की गायत्रीला घेऊन निघेल ती — ‘नेऊ नको’ म्हणायचं, तर तोंडातून आधी ‘ने’च —