शेवाळाचं चॉकलेट

दि. ९ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. मुंगीचा खोकला गेला. पुढचा दात पडला, त्यामुळे हसली की खिडकी उघडल्यासारखी दिसते. तुमचा लेक सकाळी जातो, संध्याकाळी येतो. तुमच्या गुडघ्याचं बाबांकडून कळलं. जिने चढणं टाळा.

बाबांचा काल मला ऑफिसात फोन आला होता. घरच्या नंबरवर मी उचलत नाही म्हणून इथे केला, असं ते म्हणाले नाहीत, पण तसंच असणार. "अगं, मुंगीचा वाढदिवस आला. तुझ्या सासूबाईंना ते फळाचं चॉकलेट शिकायचंय. यंदा ती स्वतः करून आणणार म्हणते."

मी विचारलं, "का बरं?"

बाबा भिडस्त. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच म्हणाले, "ती म्हणते, यंदा कुणावर सोपवायला नको. मागच्या वेळसारखं व्हायला नको."

कुणावर म्हणजे माझ्यावर. ठीक आहे. कृती लिहून पाठवते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

अव्होकाडो घेताना सालीच्या रंगावर जाऊ नका. देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबून बघा. लोण्यासारखा दबला तर पिकला. (लोणी म्हटलं ते नुसतं सांगण्यापुरतं.) कापल्यावर आत काळे दोरे दिसले तर ते फळ फेकून द्या, सगळं कडू होतं. दोन फळांना चार मोठे चमचे कोको. नुसता कोको हं, दुधात घालून पितात ती पावडर नव्हे, तिच्यात दुधाची भुकटी असते. गडद चॉकलेटची वडी वितळवून घालायची असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून वाचा. गोडीला खजूर, गरम पाण्यात भिजवून, बिया काढून. साखर नको. अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध, चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचे दोन थेंब.

नारळाचं दूध चालतं. "म्हणजे दुधाचं नाव चालतं, दूध चालत नाही. असली कसली ही पोर!" असं तुम्ही म्हणाला होतात आणि सगळे हसले होते. मीही हसले होते.

मिक्सरचं भांडं आधी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्या, झाकणाच्या रबरासकट. मग हिरवा ठिपका दिसेनासा होईपर्यंत फिरवा. मध्येमध्ये थांबून कडेचं खरवडून आत ढकला. घाई केलीत तर गुठळ्या राहतात आणि मग ते खरंच तुम्ही म्हणता तसं शेवाळाचं चॉकलेट दिसतं. नीट फिरवलं तर रेशमासारखं होतं, फळाची चव कळतसुद्धा नाही. पोटाला हलकं. बाबांच्या कोलेस्टेरॉललाही चालेल. फ्रिजमध्ये दुपारभर ठेवा.

वरून काही घालू नका.

हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

आई, मी पोटापाण्यासाठी काय करत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. खोक्यांच्या छापखान्यात मजकूर तपासत होते. औषधांची खोकी, बिस्किटांची खोकी. आत काय आहे, किती आहे, कुणी खाऊ नये, सगळं बारीक टायपात. एक शब्द चुकला तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ. सात वर्षांत माझ्या हातून एक खोकं चुकीचं गेलं नव्हतं. म्हणून तर मुंगीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे असं कळलं तेव्हा मी घाबरले नाही. म्हटलं, वाचायचंच आहे ना, ते तर मला येतं.

मागच्या वाढदिवसाला मी कोकोच्या डब्यापासून व्हॅनिलाच्या बाटलीपर्यंत सगळं वाचलं होतं. सगळ्यांच्या वाट्या भरून ओट्यावर ठेवल्या. मुंगीची वाटी निळी, तिचं तिला ओळखायला यावं म्हणून. मग मी पाहुण्यांकडे बाहेर आले. तुम्ही मुंगीला घेऊन आत गेलात. "चल गं, आजी भरवते."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वासाला शिट्टी लागली. अशा वेळेसाठी घरी ठेवलेलं इंजेक्शन मी तिच्या मांडीत टोचलं आणि तुमचा लेक तिला उचलून जिना उतरला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "दुधाचं काही पोटात गेलंय का?" मी म्हटलं, "नाही. शक्यच नाही." त्यांनी पुन्हा विचारलं. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात. म्हणालात, "सगळं हिनेच केलंय, डॉक्टर. आम्हाला काय माहीत?"

मुंगीला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तुमचा लेक माझ्यासमोर येऊन म्हणाला, "पाकीट नीट वाचलं नसशील." आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. "असू दे रे. चुकतं माणसाचं. आई आहे ती, तिने काय मुद्दाम केलंय? मी काही मनात ठेवणार नाही." मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझी आई गेल्यापासून कुणाच्या खांद्यावर रडले नव्हते.

त्यानंतर वर्षभर मी तो कोकोचा डबा जपून ठेवला. रोज वाचायचे. काय सुटलं, कुठे सुटलं. कामावर एकेक खोकं पाच-पाच वेळा तपासायला लागले. सही करायला हात धजेना. गठ्ठे साचले. साहेब भला माणूस, ओरडला नाही. मला तिथून उठवून माल रवाना करण्याच्या खात्यात बसवलं. आता मी खोकी मोजते, वाचत नाही. आणि तुम्ही दर पंधरवड्याला येऊन माझी कपाटं उघडत होतात. "बघू काय आणलंयस, दाखव पाकीट." मी निमूट दाखवत होते.

गेल्या महिन्यात मुंगीचे केस धुताना तिने डोळे घट्ट मिटून विचारलं, "आई, गंमत सांगितली तर पाप लागतं का?"

मी म्हटलं, "कसली गंमत?"

"आजीची. वाढदिवसाची. आजीने पर्समधून डबी काढली आणि माझ्या वाटीत पांढरं गोड घातलं. आणि चमच्याने ढवळून टाकलं. म्हणाली, बघ तुला काही होतं का. आपली दोघींची गंमत, आईला नाही सांगायचं."

डोळ्यांत साबण जात होता तरी ती रडत नव्हती. म्हणाली, "मी सांगितलं नाही म्हणून तू हॉस्पिटलात रडलीस ना?"

आई, तुम्ही शंभर मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलंत. तुमच्या हातची साय खाऊन पोरी धष्टपुष्ट झाल्या, हे मी लग्नापासून ऐकते आहे. नात दुधावाचून वाढते हे तुम्हाला बघवलं नाही, माझी थेरं वाटली, एकदा खोटी पाडून दाखवावीत असं वाटलं. हे मी समजू शकते. रागावून का होईना, समजू शकते. पण डॉक्टर विचारत होते, पोर आत होती, तेव्हासुद्धा?

तुमच्या लेकाला मी सांगितलं. तो म्हणाला, "लहान मुलं स्वप्नात पाहिलेलं खरं समजतात. आईजवळ विषय काढू नकोस, तिचं बीपी वाढतं." म्हणून हे पत्र त्याला न दाखवता टाकते आहे.

मला तुमची माफी नको. वाढदिवसाला या, चॉकलेट आणा. फक्त मुंगीला जवळ घेऊन एवढंच सांगा, की ते मी घातलं होतं, चूक माझी होती, तुझी नाही. ती वर्षभर ते ओझं वाहते आहे आणि सहा वर्षांच्या पोरीला ते पेलत नाही. कोपऱ्यात नेऊन सांगितलंत तरी चालेल. मी कान देणार नाही. चारचौघांत मी तोंड उघडणार नाही, हा माझा शब्द.

बाबांना नमस्कार.

तुमच्या उत्तराच्या नव्हे, तुमच्या येण्याच्या वाटेकडे डोळे लावून,
आपली सून


दि. २ एप्रिल

ती. आई,

त्या दिवशी तुम्ही तडक निघून गेलात. बोलायचं राहिलं ते लिहिते. हे पत्र तुमच्या लेकाने वाचलं आहे. बाबांनाही वाचू द्या.

मी माझा शब्द पाळला. तुम्ही काचेचं भांडं घेऊन आलात तेव्हा मी दार उघडलं, वाकून नमस्कार केला. तुम्ही मुंगीचा पापा घेतलात. मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले, तुम्हाला दोघींना वेळ मिळावा म्हणून. बाहेर आले तर तुम्ही वन्संना सांगत होतात, "एवढं काही अवघड नाही गं. लक्ष देऊन केलं की होतं." मी तेही गिळलं. म्हटलं, अजून संध्याकाळ बाकी आहे.

मग तुम्ही सगळ्यांसमोर चमचा भरलात. "ये गं मुंगे, आजीच्या हातचं खा."

ती आली. चमच्याकडे बघत उभी राहिली. आणि तिने विचारलं, "आजी, यात गंमत नाही ना?"

मी तिला शिकवलं नव्हतं, आई. देवाशप्पथ सांगते. मी तर हात जोडून मनातल्या मनात म्हणत होते, आता सांगा. आता तिनेच दार उघडून दिलंय. "नाही गं राणी, त्या वेळी मी चुकले" एवढं म्हणाला असतात तरी पाहुण्यांना काही कळलं नसतं आणि तिचं तिला सगळं कळलं असतं.

तुम्ही हसलात. "गंमत? कसली गंमत? काहीतरीच बोलते बाई ही पोर."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तुमच्या लेकानेही तो बघितला. "आई," तो म्हणाला, "ती कसली गंमत म्हणते आहे?"

"मला काय विचारतोस? तुझ्या बायकोला विचार. पोरीच्या मनात विष कालवते आहे."

तेव्हा मुंगी बोलली. मोठ्याने नाही, शाळेत उत्तर द्यावं तसं. "आईने नाही सांगितलं. तू डबीतून पांढरं गोड घातलंस. डबीचं झाकण लाल होतं. माझ्या हातात धरायला दिलं होतंस."

वन्सं उठून उभ्या राहिल्या. ती डबी त्यांनीच तुम्हाला दिली होती ना? तुम्ही पर्स उचलली आणि म्हणालात, "या घरात माझी किंमत राहिली नाही." गुडघा दुखत असूनही जिना एका दमात उतरलात. मुंगीला एक शब्द बोलला नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला असतात तरी मी आज हे पत्र लिहिलं नसतं.

पाहुणे पांगल्यावर ती मला म्हणाली, "आजी विसरली असेल." मी म्हटलं, "नाही. आजी विसरली नाही. आजी खोटं बोलली. तू खरं बोललीस." तिच्या आजीबद्दल तिला असं सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण तिच्यावर खोटेपणाचा शिक्का बसू देण्यापेक्षा हे बरं. त्या रात्री ती आडवीतिडवी, पाय पसरून झोपली. वर्षभर मुटकुळं करून झोपत होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले, माझी जुनी जागा मागितली. ते म्हणाले, ती आता दुसऱ्या मुलीला दिली आहे. चांगली मुलगी आहे, हुशार आहे. तिला काढा असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मी खोकी मोजते आहे. तुमचा लेक माझ्याशी फार हळू आवाजात बोलतो, न सांगता भांडी घासतो. पण "मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता" हे वाक्य अजून त्याच्या घशात अडकलेलं आहे. ती खोड त्याला कुणाकडून लागली, ते लिहीत नाही.

यापुढे तुम्ही मुंगीला भेटाल ते ती जे ऐकायची वाट बघते आहे ते तिला फोनवर नाहीतर पत्रात सांगितल्यावर. त्याआधी नाही. हे माझं एकटीचं म्हणणं नाही, खाली तुमच्या लेकाची सही आहे. बाबांना कधीही येऊ द्या.

एक राहिलं. तुमचं चॉकलेट कुणी खाल्लं नाही. सगळे गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून चमचाभर तोंडात घातलं. मग दुसरा चमचा. गुठळी नाही, कडवटपणा नाही, गोडी बेताची, माझ्यापेक्षा शंभर पटीने सरस. तुम्ही भांडं धुतलं होतंत, पाकीट वाचलं होतंत, हिरवा ठिपका जाईपर्यंत फिरवलं होतंत. दुधाचा थेंब नव्हता. इतकं नीट जमत होतं तुम्हाला. पहिल्या दिवसापासून जमलं असतं. मी ते सगळं संपवलं.

दुसऱ्याचं भांडं कधी रिकामं परत करू नये, हे लग्नानंतर तुम्हीच मला शिकवलंत. बाबांच्या हाती तुमचं काचेचं भांडं पाठवते आहे. धुतलेलं आहे, पुसलेलं आहे, आणि रिकामं आहे.

मुंगीची आई