खोकला आणि तीन नंबरचं टेबल

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मनात साठतं ते कुठेतरी गेलं पाहिजे, नाहीतर ॲसिडिटी. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा तसा होता.

ऑफिस सुटल्यावर काळुरामशेठच्या पूल हॉलमध्ये, बिलियर्ड्ससारखाच स्टिक-बॉलचा खेळ. वर्तकनगरात त्याच्या बापजाद्यांच्या शेतावर बिल्डिंग झाली, तिच्या तळमजल्यावर तीन टेबलं. तीन नंबरला गणपतीच्या आधीच नवीन हिरवं कापड चढवलंय. मी तिथे एकटाच खेळतो. वागळे इस्टेटमधली फॅक्टरी आणि घर यांच्यामध्ये मला एवढीच एक जागा आहे, जिथे कोणी काही विचारत नाही.

आज तीन नंबरवर चार अनोळखी पोरं. कल्याणहून बाइकवर येतात म्हणे. एकाची टोपी उलटी. हा टोपीवाला टेबलाच्या कडेवर बसलेला आणि कोल्ड्रिंकची थंडगार बाटली थेट कापडावर. उचलली तर खाली ओला गोल. काळजात चर्र झालं.

मी क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर लोकांचा माल रिजेक्ट करतो. ही चार पोरं रिजेक्ट करायला कितीसा वेळ लागणार? उद्या स्पष्ट बोलायचं. ठरलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
बोललो नाही. पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नवीन कामाला हात घालत नाहीत. सर्वपित्री झाली की बघतोच.

११ सप्टेंबर, गुरुवार
पितृपक्षात खोकायला मात्र हरकत नाही. सकाळी बाथरूममध्ये सराव केला. सौम्य, मध्यम, कडक. विनिताने बाहेरून विचारलं, वाफ घेताय का. बायकोला प्रत्येक गोष्ट सांगता येत नाही.

संध्याकाळी टोपीवाल्याने शॉट चुकला म्हणून स्टिक जमिनीवर आपटली. मी मध्यम खोकलो. त्याने वळून बघितलं. मला वाटलं, पोहोचलं. तो म्हणाला, काका, पंखा लागतोय का? आणि पंखा कमी केला.

मूळ मुद्दा बाजूला राहिला. पण संवादाला सुरुवात झाली.

१३ सप्टेंबर, शनिवार
वरच्या पातळीवर विषय नेला. काळुरामशेठ काउंटरवर शेंगा खात होता. म्हणाला, हे कापड शेवटचं. हे गेलं की टेबलं काढणार आणि गाळा भाड्याने देणार. कुत्र्यामांजरांचा एक डॉक्टर कधीपासून मागे लागलाय.

पोरांचं सांगितलं तर म्हणतो, मना कशाला सांगतस, त्यांना सांग. मग शेंग फोडत म्हणाला, तू हायस ना हितं, नजर ठेव.

म्हणजे माझी नेमणूक झाली. लेखी नाही, पण अशा गोष्टी लेखी नसतातच.

घरी येताना मात्र धाकधूक. गाळा गेला तर संध्याकाळी मी जाणार कुठे? सरळ घरी? घरी गेलं की गॅसचा नंबर लावायचा असतो, सोसायटीच्या मीटिंगला जायचं असतं. मला त्याआधी थोडा वेळ हिरव्या कापडाकडे बघत उभं राहायचं असतं. एवढंच मागतोय.

१५ सप्टेंबर, सोमवार
वाक्य तयार केलं. ‘मित्रा, हे टेबल आपल्या सगळ्यांचं आहे.’ मित्रा म्हटलं की समोरचा निम्मा गार होतो, असं मोबाइलवरच्या एका व्हिडिओत दाखवलंय. विनितावर करून बघितलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, आधी वरच्या मंजुळावहिनींना सांगा की तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. कधीपासून सांगतेय. आणि वर म्हणे, हॉटेलात चहात माशी निघाली तर तुम्ही माशी काढून चहा पिता आणि वेटरला थँक्यू म्हणता.

हे अर्धसत्य आहे. ती माशी नव्हती, चिलट होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार
तोंडी बोलण्यापेक्षा लेखी बरं. ऑफिसात सूचना टाइप केली. ‘कृपया टेबलावर बसू नये, बाटल्या ठेवू नयेत, ही नम्र विनंती. हुकमावरून.’ लॅमिनेट केली. पोरं यायच्या आत तीन नंबरशेजारच्या भिंतीवर चिकटवली आणि घरी आलो. नम्र आणि हुकूम एकत्र जमवणं सोपं नाही. मला जमलंय.

१८ सप्टेंबर, गुरुवार
भिंतीला ओल आहे, टेप सुटली. गेलो तर सूचना टेबलावर आडवी आणि तिच्यावर चार वडापाव.

निदान खाली काहीतरी घेतलं. चटणी लॅमिनेशनवर सांडली, कापडावर नाही. सुधारणा ही हळूहळूच होते.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. पितृपक्ष संपला. कारण शिल्लक नाही.

चौघं तीन नंबरवर. मी थेट चालत गेलो. ‘मित्रा’ इथपर्यंत स्पष्ट उच्चारलं. टोपीवाला म्हणाला, काका, बरं झालं आलात, आणि मोबाइल हातात दिला. चौघंही टेबलावर चढून बसले. मी फोटो काढले. आडवे दोन, उभा एक. टोपीवाल्याचं नाव नयन. तो म्हणाला, काका, काय भारी काढलाय, एक नंबर.

फोटो काढताना मी चेहऱ्यावर नाराजी ठेवली होती. समोर मोबाइल धरल्यामुळे त्यांना ती दिसली नसावी.

२३ सप्टेंबर, मंगळवार
नवरात्रात कोणाला टाकून बोलू नये. विनिताचे उपास आहेत. उपास तिचे, पण वातावरण घरभर असतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
नयनने आज बॉल उडवायला स्टिक खालून घातली. टोक कापड खरवडून गेलं. पांढरी रेघ. मी ताडकन उभा राहिलो. त्याने विचारलं, स्टूल हलतंय का काका, आणि स्टुलाखाली पुठ्ठ्याची घडी सारून दिली. वाईट आहे म्हणावं तर तसाही नाही पोरगा. त्याचाच जास्त त्रास होतो.

मी थकलोय. खरंच थकलोय. बोलण्यापेक्षा न बोलण्याचे कष्ट जास्त असतात, हे लोकांना कळत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
मार्ग सापडला! फॅक्टरीत खंडेनवमीची तयारी चालू आहे. मशीनची पूजा दर वर्षी माझ्या हातून होते, कारण ऑफिसात माझेच हात स्वच्छ. जो ऑपरेटर वर्षभर मशीनला लाथ घालतो, तोच त्या दिवशी चपला काढून तिच्यासमोर उभा राहतो.

म्हणजे भांडण नकोच. संस्कार! टेबलाला एकदा हळदकुंकू लागलं, की त्यावर बसायची कोणाची छाती आहे?

काळुरामशेठला विचारलं. तो त्या दिवशी गावच्या देवीला जाणार. म्हणाला, चावी तुझ्याकडे ठेव, मी येतोच मागून. चावी! विनिताला दाखवली. ती म्हणाली, हरवू नका.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
नीट लिहून काढतो.

फॅक्टरीतली पूजा आटपून उरलेलं साहित्य पिशवीत भरलं आणि हॉल उघडला. स्टिकांना झेंडूचे हार. बॉल ताटात मांडले, एकेकाला कुंकू. उदबत्ती. मग तीन नंबर. फॅक्टरीत मशीनवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतो, तसंच कापडाच्या बरोबर मधोमध काढलं. चारी कडांना कालवलेल्या हळदीची बोटं. इतकं सुबक आलं की फोटो काढला. नारळ टेबलाच्या पायाशी फोडला. पाणी वर उडालं.

स्वस्तिक वाहायला लागलं.

तेव्हा लक्षात आलं की मशीन लोखंडाचं असतं. दुसऱ्या दिवशी चिंधीने पुसलं की झालं. कापड पितं.

मोरीपाशी धुण्याची पावडर होती. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मला आज कळलं. जितकं घासलं तितकं लाल. अर्धं टेबल लाल.

एवढ्यात चौघं आले. दारातून झेंडू आणि उदबत्ती दिसली, तर चौघांनी चपला बाहेर काढल्या. नयनने टोपीसुद्धा काढली. म्हणजे माझी कल्पना बरोबर होती. हे नोंदवून ठेवतो, कारण इथून पुढे काहीच बरोबर नाही.

नयन जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, असं घासू नका, कापड फाटेल, टिपून घ्या. झालं. एवढंच. तयारी नाही, खोकला नाही, मित्रा नाही. आणि मला जरासुद्धा राग आला नाही. एवढं सोपं असतं होय हे?

चौघांनी खिशातले रुमाल काढून टिपायला घेतलं. मी स्वच्छ पाणी आणायला मोरीकडे गेलो.

काळुरामशेठ आला तो नेमका तेव्हा. त्याला दिसलं काय, तर लाल टेबल आणि लाल रुमाल घेतलेली चार पोरं. केवढ्याने ओरडला. मी पाण्याचा मग घेऊन बाहेर आलो. नयन सांगत होता, शेठ, आम्ही नाय केलं, काकांनी पूजा केली त्यात झालं. शेठ म्हणाला, पूजा कोनी केली ती दिसते, वाट कोनी लावली ती पन दिसते. त्या मानसाच्या तोंडातून शब्द निघत नाय, त्याच्यावर ढकलतस?

मग त्याने माझ्याकडे बघितलं. पाचही जणांनी बघितलं.

एकच वाक्य होतं. मी केलं. दोन शब्द. मी तोंड उघडलं.

खोकला आला. मध्यम.

शेठने तो होकार समजून मान हलवली. इतके दिवस खोकतोय, पहिल्यांदाच कोणीतरी त्याचा अर्थ लावला. पोरांना हाकलून दिलं, परत पाय ठेवायचा नाही म्हणून. नयनने टोपी घातली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
चावी परत द्यायला गेलो. काळुरामशेठने हातात सोनं दिलं. म्हणाला, तू होतास म्हणून त्यांना रंगेहाथ धरलं. सणाच्या दिवशी काय बोलणार.

लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. विनिताने विचारलं, सदऱ्याच्या बाहीला लाल काय लागलंय. म्हटलं, फॅक्टरीत.

कोजागिरीला सांगतो शेठला. दूध पिताना माणूस मऊ असतो.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी
हॉल रिकामा. तीन नंबरवर प्लास्टिक टाकलंय. एक नंबरवर मी एकटा. रोज येणारी ती चारच पोरं होती, तीच आणखी चार जणांना घेऊन यायची, हे आज कळलं. शेठ काउंटरवर नुसता शेंगा फोडत होता. दूध नव्हतं. त्यामुळे विषय निघाला नाही.

परत येताना नाक्यावर नयन भेटला. बाइकवर होता. मीच वळून दुकानाच्या पाट्या वाचायला लागलो. त्याने बाइक थांबवून विचारलं, काका, खोकला कसा आहे?

टोमणा होता का, घरी येईपर्यंत विचार करत होतो. नसावा. तेच जास्त लागलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी
टेबलं गेली. गाळा जनावरांच्या डॉक्टरांनी घेतला, पाडव्याला मुहूर्त. शेठ म्हणाला, तुझं मांजर असलं तर आण, सांगतो त्याला. माझं मांजर नाही.

आज शेवटचं म्हणून गेलो. तीन नंबर टेम्पोत चढवत होते. हमालांनी दोरी थेट कापडावरून आवळली. कापड ताणून कडेपाशी फाटायला लागलं. काय फरक पडणार होता म्हणा, लाल होऊन गेलेलं कापड. तरी बघवेना. शेठ शेजारीच उभा होता. दोन्ही गोष्टी एकदमच सांगून टाकाव्यात, दोरीची आणि खंडेनवमीची. पुढे झालो.

खोकलो.

हमाल म्हणाला, घ्या काका, पाणी घ्या, आणि त्याची बाटली पुढे केली. फ्रीजमधली होती, बाहेरून ओली. प्यायलो. बरं वाटलं. त्याला थँक्यू म्हटलं. बाटली ठेवायला आजूबाजूला जागा दिसेना, म्हणून टेबलावर ठेवली.