अल मलाझच्या भिंतीवरचं सरोवर

आई,

स्विस राष्ट्राविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुझ्याइतकं निवांत दुसरं कुणी मला सुचत नाही. या देशात गाईंच्या गळ्यात घंटा आहेत, चॉकलेटांवर गाईंची चित्रं आहेत, पण हॉटेलात चहाला दूध मागितलं की अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी हातावर ठेवतात. तिचं झाकण उघडत नाही, आणि उघडलंच तर दूध चहा सोडून कुर्त्यावर उडतं. आपल्याकडे रियाधला हिरवं पान दिसायची मारामार, तरी अल खर्जच्या वाळवंटातल्या गोठ्यांतून आलेलं गार दूध इमारतीखालच्या चाचांच्या दुकानात रोज असायचं; आखाती लढाई सुरू झाली तरी दुधाने खाडा केला नाही. हे सगळं मी चारशे शब्दांत खरडून सदरात छापू शकते, त्याचेच मला पैसे मिळतात. पण दोन दिवस परिषदेत बसून मान आखडली आहे, खोलीतल्या टीव्हीवर पुन्हा कुठल्यातरी शहरावर काहीतरी पडतं आहे, आणि लोकांची टर उडवायचा आताशा मला फार लवकर थकवा येतो.

खिडकीतून सरोवर दिसतं. तेच, आपल्या भिंतीवरचं. रियाधच्या अल मलाझ भागातल्या त्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूने बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत या सरोवराच्या फोटोने मढवून ठेवली होती: मागे बर्फाचे डोंगर, पाण्यात पाय सोडून बसलेला किल्ला, डावीकडे उतारावर द्राक्षांचे मळे. तो कागद पट्ट्यापट्ट्यांनी आला होता आणि चिकटवला होता खाली दुकान चालवणाऱ्या श्रीवर्धनच्या चाचांनी. त्यात खालच्या दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली, आणि डोंगरातून आलेली नदी सरोवर सोडून थेट द्राक्षांच्या मळ्यात घुसली. रत्नागिरीच्या शाळेत अकरा वर्षं भूगोल शिकवून, मग नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसलेल्या बाईला हे रोज बघावं लागत होतं. "चाचा, तुमची नदी मळा बुडवतेय," तू म्हणायचीस. "स्वित्झर्लंडची नदी हाय वहिनी, पैशेवाली. तिला कोन अडवनार?" असं म्हणून चाचा चहा फुरकत बसायचे.

लढाईत शाळा बंद झाल्या आणि तुझी उघडली. विषारी वायूच्या भीतीने खिडकीला प्लास्टिक, फटींना खाकी टेप, दाराखाली ओला टॉवेल, आणि तुझ्या हातात पट्टीऐवजी लाटणं. शिखराकडे बघत बसले की लाटणं माझ्या डोक्यावर टेकायचं. "शेंडे काय बघतेस? ते फोटोपुरते. उतार बघ. पाणी कुठे जातं ते कळलं की गाव कळलं." उत्तरेचा काठ दक्षिणेकडे तोंड करून बसला आहे, म्हणून त्याला ऊन दोनदा मिळतं, एकदा आकाशातलं आणि एकदा पाण्यावरून परतलेलं, म्हणून द्राक्षं तिकडे. समोरचा काठ फ्रान्सचा, डोंगरांच्या सावलीत. नदी येते ती बर्फाखालचा खडक दळून, म्हणून राखाडी. गार आणि गाळाने जड, म्हणून सरोवरात शिरली की वर दिसत नाही, तळाशी बुडी मारते. हे मी आज सकाळी आगगाडीने सरोवराच्या त्या टोकाला जाऊन पडताळून पाहिलं. लाटणं बरोबर होतं.

मग ती सकाळ. आदल्या संध्याकाळी पूर्व किनाऱ्यावरच्या खोबरला काहीतरी पडलं, माणसं गेली, एवढंच रेडिओ सांगतो. बाबा कंपनीच्या कामासाठी खोबरला. फोन आपला भिंतीच्या बरोबर समोर, सोफ्याशेजारच्या तिपाईवर, आणि तो वाजत नाही. चाचा खुबूसच्या रोट्या घेऊन वर आले. "लाइन खलास हाय वहिनी. सगला रियाध एकदम फोन लावतोय. काय नाय होनार, बसा." तू बसली नाहीस. लाटणं घेतलंस आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. वर्गाकडे पाठ करून शिकवू नये, हा तुझाच नियम.

"पाणी आत कुठून येतं ते दिसतंय. बाहेर कुठून जातं?"

मी म्हटलं, त्या दोन डोंगरांमधून. तू डोंगरांची उंची समजावलीस. मी म्हटलं, किल्ल्याखालून. तू किल्ल्याखालचा खडक समजावलास. "आटून जात असंल, आपल्या रियाधसारखं," चाचांनी मधेच टाकलं, तर तू त्यांनाही बाष्पीभवन शिकवलंस, आणि ते बिचारे दुकान बंद ठेवून मान डोलवत राहिले. माझं प्रत्येक उत्तर चुकत होतं आणि एकदाही तू चिडली नाहीस. फक्त लाटण्याचं टोक कागदावरून उचललं नाहीस.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. लाटणं कुठे गेलं देव जाणे. "फोन करायला हाताला मेंदी लावली होती का?" बाबा जिवंत असल्याचं कळल्यावर तू त्यांना म्हटलेलं पहिलं वाक्य हे. मग स्वयंपाकघरात गेलीस, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. जेवताना मला म्हणालीस, "तुझं उत्तर राहिलं. उधार." पुढे लढाई संपली, शाळा उघडल्या, आणि तू ते कधी मागितलं नाहीस. मागायला आणखी थोडी वर्षं थांबली असतीस तर बरं झालं असतं.

आज दुपारी इथल्या पुलावर गेले. पुलाखालून पाणी सरोवर सोडून निघतं, स्वच्छ निळं आणि भलतंच घाईत. सगळा गाळ मागे टाकून आलेलं. कठड्याला रेलून मी तुझं देणं हलक्या आवाजात देऊन टाकलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं, पण तिला मराठी येत नसावं. इथेही लिहून ठेवते. हे पाकिटात जाणार नाही, तेवढाच तिकिटाचा खर्च वाचला.

पश्चिमेकडून, आई. ते फोटोत नाही, फोटो बघणाऱ्याच्या पाठीमागे आहे. शाळेच्या नकाशात मी ते आधीच पाहिलं होतं. पण दाखवायचं तर मागे वळावं लागलं असतं, माझ्याबरोबर तूही वळली असतीस, आणि मागे तिपाईवर फोन होता.