पाठीवरचा हात

१२ जून

ती. ताईस,
बारक्याचा वाकून नमस्कार.

बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही हे वाचून वाईट वाटलं. बोलणं गेलं, पण मीठ कमी पडलं की डावा हात टेबलावर आपटतात असं तू लिहितेस. म्हणजे स्वभाव शाबूत आहे. तेवढाच धीर.

इकडे माझं काही खरं नाही. गोल्फची काठी वर नेली न नेली तोच खाली येते आणि चेंडू थेट झाडीत. इथला शिक्षक म्हणतो, वर पोचल्यावर क्षणभर थांब. थांबलो की अंगाचा दगड होतो. स्विंगची लयच गेली आहे. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत निवड झाली नाही, तर मैदान सोडून दुकानात काठ्या विकायला उभं राहायचं.

लहानपणी बाबा मला सावकाश स्विंग करायला लावायचे आणि पाठीवर तळवा ठेवायचे. काठी वर जाईपर्यंत तो टेकलेला असायचा. उचलला, की काठी चेंडूवर सोडायची. तोंडाने कधी काही सांगितलं नाही. एकदा माझी काठी त्यांच्या कानाला लागली, तरी हात हलला नव्हता. तो हात ते नेमका कधी उचलायचे, तेवढं खुणेने का होईना, विचारून लिही ना.

उशिरा लिहिलं म्हणून रागाव हवं तर, पण लोभ तसाच ठेव.

तुझा,
बारक्या


२० जून

चि. बारक्यास,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. झोपले असं समजून मी शिलाई मशीनवर बसणार, तोच त्यांनी कोपऱ्यातला झाडू दाखवला. मी आपली खोली झाडायला लागले, तर टेबलावर असा हात आपटला की पेला पडला! मग डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्या खुर्चीपुढे बुटक्या स्टुलावर त्यांच्याकडे पाठ करून बसले, झाडू काठीसारखा धरला आणि त्यांनी डावा तळवा माझ्या पाठीवर ठेवला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हीच तालीम. गिऱ्हाईक पडदे न्यायला आलं आणि दारातच थबकलं. चाळिशी उलटलेली बाई बसल्या जागी झाडू फिरवते आहे म्हटल्यावर कोण आत येईल? मी घाई केली की बाबा पाठीत बोट खुपसतात.

एक सांगू? इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या पाठीवर कधी हात ठेवला नव्हता. तू त्यांच्याबरोबर मैदानावर, मी आईच्या मशीनवर. तुझा हेवा वाटला रे.

हात कधी उचलतात ते मात्र मला लिहिता येत नाही. श्वास भरून होतो, त्याच्या जरासं नंतर. आता सोडतील असं वाटतं तेव्हा नाही, त्याच्या पुढे. कळतं, पण सांगता येत नाही. तूच एकदा येऊन जा. त्यांचा हात आता थरथरायला लागला आहे, आणि ते वाट बघतात.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण असू दे.

तुझी,
ताई


१ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

झाडूचं वाचून पोट धरून हसलो. यायचं फार मनात आहे, पण आत्ता सराव मोडला तर सगळं पाण्यात जाईल. स्पर्धा आटोपली की त्याच संध्याकाळी निघतो. बाबांना म्हणावं, तेवढी कळ काढा.

घाईत आहे. माया असू दे.

बारक्या


२९ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

सुखरूप पोचलो. स्पर्धा माझ्याविना झाली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला, तसाच निघालो, तरी बाबांचं तोंड दिसलं नाही. तू त्याच्या तीन आठवडे आधीच ये म्हणाली होतीस. मी त्यांनाच कळ काढायला सांगितलं. हे आता जन्मभर सलणार.

दुकानदाराला होकार कळवून टाकला. काल शेवटचं म्हणून मैदानावर गेलो. काठी वर नेली आणि ताई, पाठीवर हात जाणवला. पण तो बाबांचा नव्हता. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीला धरून मी रडत होतो. तू मागून येऊन माझ्या पाठीवर तळवा ठेवलास, बराच वेळ ठेवलास आणि मग उचललास. तुला कल्पनाही नसेल, पण अगदी तस्साच उचललास. काल तो हात उचलला गेला तेव्हा मी काठी सोडली. चेंडू सरळ गेला. कुठे पडला ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते.

हात उचलायचा तो क्षण त्यांनी तुझ्याकडे ठेवून दिला होता बघ.

बारक्या


५ ऑगस्ट

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. त्यांची मेहनत वाया गेली नाही, हे कळून बरं वाटलं. दुकानात जा, पण रविवारी मैदान सोडू नकोस.

माझं म्हणशील तर काम चालू आहे. संध्याकाळ झाली की अजून उठून त्या स्टुलावर जाऊन बसते. झाडू हातात घेते. मागे कोणी नसतं. तुझ्या पाठीला निदान माझा हात मिळाला. माझ्या पाठीने काय करायचं?

सवड काढून ये. काही आणू नकोस. नुसता पाठीवर हात ठेव, आणि कधी उचलायचा ते ठाऊक असलं तरी उचलू नकोस.

वाट बघते.

तुझी,
ताई